कोटुलाच्या शाळेतला मास्तर राष्ट्राध्यक्ष झाला आणि गरीब पोरांच्या शाळेला वॉशिंग्टनमधून पैसे यायला लागले

लिंडन जॉन्सन हे नाव घेतलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात. एक व्हिएतनामचं युद्ध. दुसरी, जरा वय झालेल्यांना, पीएल-४८०चा गहू. १९६५ नंतरच्या दुष्काळात भारताला गव्हाची जहाजं पाठवताना एका वेळी थोडाच माल सोडायचा आणि त्या बदल्यात दिल्लीकडून शेतीचं धोरण बदलून घ्यायचं, हा खाक्या याच माणसाचा. त्यामुळं आपल्या डोक्यातला जॉन्सन म्हणजे हात आखडता ठेवून दमात घेणारा अमेरिकन राष्ट्राध्यक्ष.

पण आज अमेरिकेतल्या गरीब वस्तीतल्या एखाद्या सरकारी शाळेत गेलात, तर तिथं एक शब्द हमखास कानावर पडतो, टायटल वन. वाचनात मागं पडलेल्या मुलांसाठी जादा शिक्षक, गणिताचे जादा तास, शाळेत मदतनीस बाई, यातलं बरंच काही टायटल वनच्या पैशातून चालतं. केंद्र सरकारनं गरीब मुलांच्या नावानं शाळांना द्यायची ही ग्रँट. ती सुरू झाली १९६५ साली आणि ती सुरू करणारा माणूस होता हाच जॉन्सन.

ही गोष्ट एवढी मोठी का, ते कळायला तिथल्या शाळांचा पैसा कुठून येतो हे आधी बघायला लागतं. आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हटलं की भरमसाठ फी घेणारी खासगी शाळा डोळ्यासमोर येते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे फुकट शिकवणारी सरकारी शाळा. ती चालवतं त्या भागाचं शाळा मंडळ, ज्याच्या हद्दीला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. पैसा मुख्यतः दोन खिशांतून येतो. एक, त्या भागातल्या घरा-जमिनींवरची घरपट्टी. दोन, राज्य सरकार. केंद्राचा यात पिढ्यान्‌पिढ्या फारसा वाटा नव्हता, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही, आणि जे अधिकार घटनेनं केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे, असं दहावी दुरुस्ती सांगते.

आता घरपट्टीवर शाळा चालवायची म्हटल्यावर काय होणार? बंगल्यांच्या वस्तीत भरपूर घरपट्टी, म्हणून चांगले शिक्षक, प्रयोगशाळा, लायब्ररी. पडक्या घरांच्या वस्तीत घरपट्टीच तुटपुंजी, म्हणून शाळाही तशीच. ज्या पोराला शाळेची जास्त गरज, त्याच्याच शाळेला कमी पैसे. हे गणित कुणी मुद्दाम मांडलेलं नव्हतं, पण दरवर्षी ते त्याच उत्तरावर यायचं.

लिंडनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा. टेक्सास राज्यात पेडर्नालिस नावाच्या नदीकाठी स्टोनवॉलजवळचं शेत, डोंगराळ, खडकाळ मुलूख. वडील सॅम जॉन्सन राज्याच्या विधिमंडळात आमदार, आई रिबेका शिकलेली. घर अगदीच दरिद्री नव्हतं. पण १९२० नंतर कापसाचे भाव कोसळले, वडिलांचं शेत गेलं आणि अंगावर कर्ज उरलं. गावात मान असलेलं घर उधारीवर आलं, हे लिंडननं कळत्या वयात बघितलं. हाताला मऊ माती नसलेला शेतकरी आणि दारात येणारा सावकार, हे चित्र आपल्या वाचकांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

चार वर्षांचा असताना तो घराजवळच्या एका खोलीच्या शाळेत जाऊन बसायचा. जंक्शन स्कूल तिचं नाव. तिथल्या शिक्षिका केट डेड्रिक यांच्या मांडीवर बसल्याशिवाय तो वाचायला तयार व्हायचा नाही. या बाईंचं नाव लक्षात ठेवा.

१९२४ मध्ये पंधराव्या वर्षी हायस्कूल संपलं आणि पुढं शिकायला त्यानं साफ नकार दिला. कॅलिफोर्नियात जाऊन फुटकळ कामं केली, परत येऊन रस्त्याच्या कामावर मजुरी केली. दोन-अडीच वर्षांनी डोकं ठिकाणावर आलं. १९२७ मध्ये ७५ डॉलर कर्ज काढून त्यानं सॅन मार्कोसच्या शिक्षक प्रशिक्षण कॉलेजात नाव घातलं. तिथं कॉलेजच्या ऑफिसातली कामं करत शिक्षण चाललं, पण पैसे पुरेनात. मग वर्षभर कॉलेज थांबवून नोकरी धरायची ठरलं. नोकरी मिळाली कोटुला नावाच्या गावात.

कोटुला मेक्सिकोच्या सरहद्दीकडचं, सॅन अँटोनियो आणि लरेडो या शहरांच्या मधलं, धुळीनं भरलेलं गाव. रेल्वेच्या रुळांच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला मेक्सिकन वंशाचे मजूर. मजुरांच्या मुलांची शाळा वेगळी, वेलहाउझन स्कूल. सप्टेंबर १९२८ मध्ये वीस वर्षांचा लिंडन तिथं रुजू झाला. पाचवी, सहावी, सातवीचा वर्गशिक्षक आणि शाळेचा मुख्याध्यापकही. कॉलेज अजून पुरं झालेलं नाही आणि थेट मुख्याध्यापक, याचं कारण एवढंच की बाकीच्या शिक्षिका बायका होत्या आणि हा पुरुष. पगार महिना १२५ डॉलर.

मुलं सकाळी उपाशी यायची. घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्रजी, त्यामुळं अर्धं डोक्यावरून जायचं. पिकांच्या हंगामात आईबापांबरोबर शेतात जायची. शाळेला ना खेळाचं सामान, ना मधल्या सुट्टीत लक्ष द्यायला कुणी. नव्या मास्तरांनी पहिल्या पगारातून खेळाचं सामान आणलं. वादविवाद, स्पेलिंगच्या स्पर्धा, दुसऱ्या शाळांबरोबर सामने, असा सगळा उद्योग सुरू केला. शाळेच्या शिपायाला इंग्रजी शिकवलं. पण हा मास्तर मवाळ नव्हता. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलायला बंदी होती, आणि बोलणाऱ्या मुलाला फटके मिळायचे. मुलांनी पुढं जायचं तर इंग्रजी आलंच पाहिजे, आणि ते मारूनही शिकवायचं, असा त्यांचा हिशोब. आजच्या नजरेतून हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. पुढं याच माणसानं जानेवारी १९६८ मध्ये घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना दोन्ही भाषांतून शिकवायला केंद्राचा पैसा देणाऱ्या कायद्यावर सही केली, हेही सांगून ठेवतो.

कोटुलात ते एकच शालेय वर्ष राहिले. १९३० मध्ये पदवी घेतली, थोडे दिवस पिअरसॉल गावात आणि मग ह्यूस्टनच्या एका हायस्कुलात वक्तृत्व शिकवलं, आणि १९३१ च्या अखेरीस एका खासदाराचे सचिव म्हणून वॉशिंग्टनला गेले. मास्तरकी संपली. १९३४ मध्ये क्लॉडिया टेलर यांच्याशी लग्न झालं, ज्यांना जग लेडी बर्ड म्हणून ओळखतं.

त्यांच्या पुढच्या नोकरीकडं चरित्रं वाचताना लोक फार लक्ष देत नाहीत, पण आपल्या विषयाला ती महत्त्वाची आहे. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारनं महामंदीत अडकलेल्या तरुणांसाठी नॅशनल युथ अॅडमिनिस्ट्रेशन काढलं. गरीब विद्यार्थ्यानं शाळा-कॉलेज सोडू नये म्हणून त्याला अर्धवेळ काम द्यायचं आणि केंद्राच्या पैशातून मजुरी द्यायची, अशी योजना. आपल्याकडच्या कमवा आणि शिका योजनेची आठवण येते. टेक्सासचे संचालक म्हणून नेमले गेले २६ वर्षांचे जॉन्सन, देशातल्या सगळ्या राज्यांत वयानं सगळ्यात लहान. इथं त्यांना दोन गोष्टी कळल्या. वॉशिंग्टनमधून निघालेला पैसा थेट एखाद्या पोराच्या हातात पोचवता येतो आणि त्यावर त्याचं शिक्षण टिकतं. आणि दुसरी, दक्षिणेत हे काम गाजावाजा न करता करावं लागतं. कृष्णवर्णीय कॉलेजांना ते गुपचूप पैसे देत राहिले, पण गोऱ्या पुढाऱ्यांना दुखवायला नको म्हणून राज्याच्या सल्लागार मंडळावर कृष्णवर्णीय माणूस घ्यायचं त्यांनी टाळलं. हा दुटप्पीपणा त्यांच्या राजकारणात पुढं बरीच वर्षं राहिला.

१९३७ मध्ये ते खासदार झाले. १९४८ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठीच्या पक्षांतर्गत लढतीत जवळपास दहा लाख मतांतून ८७ मतांनी जिंकले, आणि ती मतं कशी आली यावर आजही वाद आहे. खासदार झाल्यापासून १९५६ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या विधेयकांना त्यांनी विरोधच केला. १९५५ मध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते झाल्यावर हळूहळू सूर बदलला आणि १९५७ चा नागरी हक्क कायदा, बराच पातळ करून का होईना, त्यांनीच पार पाडला. सहा फुटांहून उंच माणूस, समोरच्याच्या अंगावर वाकून, खांद्यावर हात टाकून, गोंजारून आणि धमकावून मत मिळवायचा. कुठल्या सिनेटरला काय हवंय आणि तो कशाला घाबरतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं.

आता शाळांच्या पैशाकडं येऊ. केंद्रानं शाळांना सरसकट मदत करावी, अशी विधेयकं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संसदेत पुन्हा पुन्हा आली आणि पुन्हा पुन्हा पडली. सुटी सुटी मदत मात्र व्हायची. १९१७ पासून धंदेशिक्षणाला पैसे मिळत होते. १९४६ पासून शाळेतल्या जेवणाला. लष्करी तळांमुळं ज्या गावांच्या शाळांवर ताण पडला त्यांना १९५० पासून. रशियानं स्पुटनिक सोडल्यावर घाबरून १९५८ मध्ये विज्ञान, गणित आणि परकीय भाषांसाठी. पण शाळेला शाळा म्हणून मदत करायची म्हटलं की तीन अडथळे उभे राहायचे.

पहिला वंशाचा. दक्षिणेत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे बेकायदा ठरवलं तरी जमिनीवर काही हललं नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार अॅडम क्लेटन पॉवेल दरवेळी दुरुस्ती मांडायचे की भेदभाव करणाऱ्या शाळांना छदाम मिळू नये. दुरुस्ती मंजूर झाली की दक्षिणेचे खासदार अख्खं विधेयक पाडायचे. दुसरा अडथळा धर्माचा. अमेरिकेत लाखो मुलं कॅथलिक चर्चच्या शाळांत शिकत होती. चर्चचं म्हणणं, आमची मुलंही देशाचीच आहेत, त्यांना वगळून कायदा नको. सरकारी शाळांच्या शिक्षक संघटनांचं म्हणणं, धार्मिक शाळांना सरकारी पैसा दिला तर घटनेचा भंग होतो. स्वतः कॅथलिक असलेल्या केनेडींनी १९६१ मध्ये फक्त सरकारी शाळांसाठी विधेयक आणलं आणि ते एका समितीत आठ विरुद्ध सात मतांनी गाडलं गेलं. तिसरा अडथळा भीतीचा. आज पैसे देतील, उद्या काय शिकवायचं तेही वॉशिंग्टनच ठरवेल, ही धास्ती.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. जुलै १९६४ मध्ये त्यांनी नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतला. त्यातला सहावा भाग सांगतो की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कामात वंशावरून भेदभाव चालणार नाही. झालं, पॉवेल यांची दुरुस्ती आता प्रत्येक विधेयकात वेगळी मांडायची गरज उरली नाही. ती देशाचा कायदाच झाली होती. पहिला अडथळा निदान कागदावर बाजूला झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉन्सन ६१ टक्के मतांनी निवडून आले आणि त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिनिधी सभेत ४३५ पैकी २९५ जागा मिळाल्या.

एवढं बहुमत फार दिवस टिकत नाही, हे संसदेत आयुष्य काढलेल्या जॉन्सन यांना पक्कं माहीत होतं. जे करायचं ते पहिल्या काही महिन्यांत. १२ जानेवारी १९६५ रोजी त्यांनी शिक्षणाचा प्रस्ताव संसदेकडं पाठवला.

यातली खरी युक्ती पैसे कुणाच्या नावानं द्यायचे यात होती. शाळेला मदत म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुठल्या शाळेला? सरकारी की चर्चच्या? काळ्यांच्या की गोऱ्यांच्या? जॉन्सन यांच्या माणसांनी, त्यात शिक्षण आयुक्त फ्रान्सिस केपेल पुढं होते, प्रश्नच फिरवला. मदत शाळेला नाही, गरीब मुलाला. पाच ते सतरा वयाची, वर्षाला २,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातली मुलं प्रत्येक काउंटीत किती, ते जनगणनेवरून मोजायचं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतली आणखी काही मुलं त्यात धरायची. त्या आकड्याला राज्यात एका मुलामागं होणाऱ्या सरासरी खर्चाच्या निम्म्यानं गुणायचं. जे उत्तर येईल तेवढा पैसा त्या भागाच्या शाळा मंडळांना. पैसा आणि त्यातून घेतलेल्या वस्तू सरकारी शाळा मंडळाच्याच ताब्यात राहणार, पण गरीब मूल चर्चच्या शाळेत असलं तरी त्याला जादा शिकवणीत सामील करून घ्यायचं. लायब्ररीची पुस्तकं त्याला वापरायला मिळणार, मालकी सरकारी खात्याची. सगळ्यात मोठी शिक्षक संघटना आणि कॅथलिक चर्चची राष्ट्रीय संस्था, जन्माचे वैरी, दोघांनी मान डोलावली.

गरिबीविरुद्धचं युद्ध त्याच काळात जोरात होतं, त्यामुळं गरीब मुलाच्या विरोधात मत देणं खासदाराला जड जात होतं. शिवाय गरीब मूल कुठं नसतं? हिशोब असा बसला होता की देशातल्या दहापैकी नऊहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्टना काही ना काही मिळणार होतं. म्हणजे जवळपास प्रत्येक खासदाराच्या मतदारसंघात चेक जाणार. हे योगायोगानं झालेलं नव्हतं. गहू सोडताना हात आखडता घेणारा हा माणूस मतं गोळा करताना हात सैल सोडायचा.

तिसऱ्या अडथळ्यासाठी कायद्यात साफ लिहिलं की अभ्यासक्रम, शिक्षक, पुस्तकं यांवर केंद्राचा ताबा राहणार नाही. विधेयक प्रतिनिधी सभेत २६ मार्चला २६३ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये एक शब्द जरी बदलला तर ते परत खाली जाणार आणि जुनी भांडणं उकरली जाणार, म्हणून सिनेटनं ते जसंच्या तसं, ९ एप्रिलला ७३ विरुद्ध १८ मतांनी मंजूर केलं. पंचवीस-तीस वर्षं अडलेली गोष्ट तीन महिन्यांच्या आत झाली. कायद्याचं नाव एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन अॅक्ट. त्याच्या पहिल्या भागाला म्हणजे टायटल वनला पहिल्या वर्षासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त. बाकीच्या भागांत लायब्ररी, जादा उपक्रमांची केंद्रं, संशोधन आणि राज्यांची शिक्षण खाती मजबूत करणं.

११ एप्रिल, रविवार. सही करायला जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये थांबले नाहीत. ते गेले आपल्या शेताजवळच्या त्या जुन्या जंक्शन स्कूलसमोर. बाहेर एक टेबल मांडलं, आणि शेजारच्या खुर्चीवर होत्या केट डेड्रिक, आता लग्नानंतर लोनी. त्यांना मुद्दाम कॅलिफोर्नियातून बोलावून घेतलं होतं. कोटुलातले काही जुने विद्यार्थीही आले होते. दिखाऊपणा होता का? होता, जॉन्सन यांना असले देखावे फार आवडायचे. पण दुसऱ्या कुठल्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षाकडं दाखवायला अशी शाळा होती, हाही प्रश्न आहेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ७५ डॉलर कर्ज काढून शिकलेल्या सॅन मार्कोसच्या कॉलेजात जाऊन त्यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, ज्यातून गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी ग्रँट, हमी असलेलं कर्ज आणि काम मिळायला लागलं. लहान मुलांसाठीचं हेड स्टार्ट त्याच उन्हाळ्यात सुरू झालं, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यानं शाळेत सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवात झाली. कोटुलाची उपाशी पोरं डोक्यातून गेली नव्हती.

आता या पैशानं काय केलं?

सगळ्यात मोठा परिणाम झाला तो कायद्याच्या नावात नसलेल्या गोष्टीवर. दक्षिणेतल्या अकरा राज्यांत १९६३-६४ मध्ये शंभरातलं जेमतेम एक कृष्णवर्णीय मूल गोऱ्या मुलांबरोबर शिकत होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल येऊन दहा वर्षं होत आली तरी. आता मात्र गरीब दक्षिणेला टायटल वनचे भरपूर पैसे मिळणार होते, आणि भेदभाव चालू ठेवला तर तेच पैसे बंद होणार होते. जे मंडळ कोर्टाला भीक घालत नव्हतं ते चेकसाठी योजना लिहून द्यायला लागलं. कोर्टांचे निकालही सोबतीला होते, आणि १९६८-६९ पर्यंत हे प्रमाण ३२ टक्क्यांवर गेलं.

पण उत्तरेत हीच काठी उगारली तेव्हा जॉन्सन यांनी माघार घेतली. १९६५ च्या शरद ऋतूत शिकागोच्या शाळा मुलांना वंशानुसार वेगळं ठेवतात अशी तक्रार आली आणि केपेल यांनी शिकागोचे सुमारे तीन कोटी डॉलर रोखले. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे बडे प्रस्थ, निवडणुकीत मतांची गठ्ठी देणारे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जॉन्सन न्यूयॉर्कला गेले होते, तिथं डेलींनी त्यांना गाठलं. काही दिवसांत पैसे सुटले. केपेल यांना वरकरणी बढती मिळाली आणि १९६६ मध्ये ते सरकारबाहेर पडले. गंमत अशी की न्यूयॉर्कच्या त्याच दौऱ्यात, ३ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी जॉन्सन यांनी स्थलांतराचा नवा कायदा सही केला होता, ज्यामुळं पुढं आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांना अमेरिकेचं दार उघडलं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली मुलं ज्या सरकारी शाळांत शिकली, त्या शाळांचं आणि त्या घरांचं नशीब काही दिवसांच्या अंतरानं एकाच माणसाच्या टेबलावर होतं.

दुसरी दुखरी जागा पैसा मुरण्याची. कायदा घाईत मंजूर झाला होता, आणि स्थानिक मंडळांच्या कारभारात नाक खुपसायचं नाही हे वचन देऊन. त्यामुळं पैसा पोचला, पण गरीब मुलापर्यंतच पोचला का, हे बघणारं कुणी नव्हतं. सिनेटर रॉबर्ट केनेडींनी आधीच शंका काढली होती की मोजमाप नसेल तर शाळा मंडळं आपलेच जुने खर्च यातून भागवतील, आणि त्यांच्या आग्रहामुळं मूल्यमापनाची अट कायद्यात आली. १९६९ मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅकक्लुअर यांनी टायटल वनचे हिशोब तपासून अहवाल काढला. तो वाचून लोक हादरले. गरीब मुलांच्या नावाचा पैसा सगळ्या शाळांच्या सामान्य खर्चात, इमारतींत, सामानात जिरला होता, कुठं तर पोहण्याच्या तलावांत. त्यानंतर नियम कडक झाले. हा पैसा जादा म्हणूनच खर्च करायचा, राज्यानं आणि गावानं जे द्यायला हवं त्याच्या बदल्यात नाही, आणि गरीब शाळेला स्थानिक पैसाही इतर शाळांच्या बरोबरीनं मिळायला हवा.

सूत्रातही खोट होती. राज्याच्या सरासरी खर्चाच्या निम्मं म्हटल्यावर, शाळांवर जास्त खर्च करणाऱ्या न्यूयॉर्कच्या गरीब मुलाला मिसिसिपीच्या गरीब मुलापेक्षा जास्त पैसे मिळायचे. १९६६ च्या दुरुस्तीत राज्याची किंवा देशाची सरासरी, जी जास्त असेल ती धरायची सोय झाली. पण पैसा सगळीकडं थोडा थोडा पसरतो, ही तक्रार गेली नाही. माझं मत विचाराल तर, ज्या पसरण्यामुळं हा पैसा पातळ झाला त्याच पसरण्यामुळं तो वाचलाही. फक्त सगळ्यात गरीब शंभर डिस्ट्रिक्टना देणारी योजना असती, तर पुढच्या पहिल्याच कंजूष सरकारनं ती गुंडाळली असती.

१९६६ च्या जुलैत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा प्रचंड अहवाल आला. सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी करून त्यांनी काढलेला निष्कर्ष सरकारला गैरसोयीचा होता. मुलाच्या गुणांवर शाळेच्या सामानसुमानापेक्षा घरच्या परिस्थितीचा आणि सोबतच्या मुलांचा परिणाम जास्त दिसत होता. नुसता पैसा ओतून भागतं का, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

आणि मग व्हिएतनाम. १९६५ च्या उन्हाळ्यात जॉन्सन यांनी तिथं मोठ्या संख्येनं सैन्य पाठवलं, आणि घरातली गरिबी व बाहेरचं युद्ध दोन्ही एकाच तिजोरीतून चालवायचा हट्ट धरला. तो झेपला नाही. १९६८ मध्ये कर वाढवून घ्यायला संसदेनं किंमत मागितली, सहा अब्ज डॉलरची खर्चकपात. त्याआधीच, ३१ मार्चला त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं होतं. कोटुलाच्या शाळेला ते नोव्हेंबर १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून जाऊन आले होते. १९६९ मध्ये ते शेतावर परतले, आणि २२ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं तिथंच गेले. वय ६४.

१९६३-६४ मध्ये अमेरिकेच्या शाळांच्या एकूण उत्पन्नात केंद्राचा वाटा ४.४ टक्के होता, १९६५-६६ मध्ये तो ७.९ टक्के झाला. तेव्हापासून तो साधारण दहाच्या आगेमागे फिरत राहिला आहे. म्हणजे शाळांचा मुख्य भार आजही घरपट्टीवर आणि राज्यांवर आहे. कायद्याची नावं बदलत गेली. २००२ मध्ये बुश यांनी त्याला दरवर्षीच्या परीक्षांची सक्ती जोडली, २०१५ मध्ये ओबामांनी ती थोडी सैल केली. प्रत्येक वेळी आत तोच १९६५ चा कायदा. टायटल वनला आता वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर मिळतात, आणि ते वाटताना पहिली पायरी अजूनही तीच आहे, कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये गरीब मुलं किती, ते मोजायचं.